शिल्डेड वायर तुटली की नुसती पिळून टेप मारू नका

मुंबईहून परतताना कसारा घाटात गाडी ओढत नाही, स्कॅनरवर पी०३२५ (नॉक सेन्सरच्या सर्किटमधल्या बिघाडाचा कोड) येतो आणि लगेच नॉक सेन्सर, म्हणजे इंजिनातली ठोक ओळखणारा सेन्सर, बदलला जातो. सेन्सर नवा, कोड तोच! अशा वेळी सेन्सरपासून इसीएमपर्यंतची (इंजिनच्या कॉम्प्युटरपर्यंतची) शिल्डेड वायर तपासा. पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरतात, ते तर ती कुरतडतातच. पण इंजिनच्या उष्णतेने आवरण कडक होऊन तडकणं, ब्रॅकेटला घासणं आणि आधी कुणीतरी मारलेला जोड हीही नेहमीची कारणं.

नॉक सेन्सर आणि दोन पिनांचा चुंबकी क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं ओळखणारा) यांचा सिग्नल फार दुबळा असतो. शेजारून इग्निशन कॉईल, अल्टरनेटरच्या वायरी जातात. म्हणून सिग्नलच्या वायरींना पीळ देऊन वर फॉईल किंवा तांब्याची जाळी चढवतात. फॉईल असेल तर सोबत एक उघडी ड्रेन वायर असते.

या शिल्डला अर्थ एकाच टोकाला, बहुतेक इसीएमच्या बाजूला. सेन्सरकडचं टोक मोकळं दिसलं म्हणून ते बॉडीला जोडणं ही सर्वांत घातक दुरुस्ती. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, इंजिन आणि बॉडी यांच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि दोन्ही टोकं जोडलेली असतील तर तो करंट शिल्डमधूनच वाहू लागतो. नेमका त्याच वेळी क्रँक सेन्सरचा सिग्नल सर्वांत कमी असतो. मग स्टार्टर फिरतो, गाडी सुरू होत नाही.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा, दोन्हीकडचे कपलर (वायरचे कनेक्टर) सोडा. प्रत्येक सिग्नल वायर आणि शिल्ड यांच्यात मीटरने ओपनच, म्हणजे जोड नाही असंच, दाखवायला हवं. थोडाही रेझिस्टन्स आला तर जाळीची तार आत टोचलीय किंवा पाणी शिरलंय. वायर हलवत हलवत पुन्हा बघा. इसीएमचा कपलर बसवल्यावर शिल्ड ते बॉडी रेझिस्टन्स शून्याजवळ यावा. काही गाड्यांत शिल्ड वेगळ्या अर्थ पॉइंटवर जातं, तेव्हा आधी वायरिंग डायग्राम पाहा.

जोडासाठी तेवढ्याच कोअरची (आतल्या वायरींची), उष्णता सोसणारी शिल्डेड वायर घ्या. टीव्हीची केबल इथे चालत नाही. श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) आधी सरकवून ठेवा. बाहेरचं आवरण दोन्हीकडे ५ सेंमी सोला, जाळी न कापता मागे सारा. दोन कोअर समोरासमोर कापू नका, जोडांत २ सेंमी अंतर ठेवा. ॲसिड फ्लक्स वापरू नका, ते आत राहून तांबं खातं. रोझिन कोअर सोल्डरनेच डाग द्या. प्रत्येक जोडावर पातळ श्रिंक, मग पूर्वीइतकाच पीळ. ॲल्युमिनियम फॉईलला साधं सोल्डर धरत नाही, म्हणून ड्रेन वायर ड्रेन वायरला जोडा आणि जोडावर फॉईल पुन्हा गुंडाळा. जाळी असेल तर दोन्ही टोकं नव्या जाळीने सांधा. सगळ्यावर आतून गोंद असलेली स्लीव्ह, दोन्ही बाजूंना जुन्या आवरणावर ३ सेंमी चढलेली. स्लीव्ह आणि आवरण यांच्यात फट राहिली तर पाणी जाळीतून ओढलं जाऊन थेट कपलरपर्यंत पोचतं.

डाग दिलेला भाग ताठ होतो आणि त्याच्या कडेलाच वायर पुन्हा तुटते, म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्प हवा. कॉईलची वायर ओलांडावी लागलीच तर काटकोनात ओलांडा. आणि नॉक सेन्सर परत बसवताना बोल्ट अंदाजाने आवळू नका. एम८ बोल्टच्या सेन्सरला साधारण २० न्यूटन-मीटर लागतात, तरी आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहून टॉर्क पान्यानेच आवळा.