हो, उचलून नेणाऱ्यावरच केस टाकली

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका, माझी धाकटी जाऊ, आणि परवा लग्नात जेवणाच्या पंगतीत विचारणारे मामेसासरे. प्रश्न एकच असतो: "ज्या पोरानं उचलून दवाखान्यात नेलं, त्याच्यावरच केस कशी टाकली?"

अपघात सगळ्यांना पाठ आहे, तो सोडते. २०१७ साल, आष्ट्याचा रस्ता, स्कूटर आमचे हे चालवत होते, मी मागे, त्याच पोराच्या गाडीची धडक, उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली. पुढचं सांगते.

माझं ठरलेलं उत्तर आहे की पैसे पोराच्या खिशातून गेलेले नाहीत. गाडीला थर्ड पार्टी विमा असतो तो कशासाठी? दिले ते विमा कंपनीनं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मशिन न थांबवता सांगते. पण कोर्टातल्या भरपाईच्या अर्जावर सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध केस तो, नंबर एक तोच असतो, कंपनी नंबर दोन. आणि चूक त्याची होती हे शाबित केल्याशिवाय कंपनी खरी भरपाई देत नाही. चूक कुणाची हे न विचारता मिळणारी रक्कम तेव्हा कायमच्या अपंगत्वाला २५ हजार होती. माझं पहिलं ऑपरेशनच सव्वा लाखाचं.

आता जे मी पंगतीत सांगत नाही ते.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी पोरगं खाटेच्या पायाशी येऊन उभं राहिलं. बावीस वर्षांचं, पोलीस भरतीची तयारी करणारं. गुन्हा दाखल झाला तर भरतीत अडकेल म्हणून रडत होतं. मी म्हटलं, "जा बाबा, आम्ही काही करणार नाही." दवाखान्यातून कळवल्यावर हवालदार जबाबाला आले, तेव्हाही "आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही" या कागदावर मी सही केली. मग बिल वाढत गेलं, दागिने गेले, दुकान बंद. अकराव्या दिवशी आमच्या यांनी फिर्याद दिली आणि मी हो म्हटलं. शब्द मोडला म्हणता? मोडला. पण तो दिला तेव्हा घरात महिन्याचं रेशन होतं आणि हातात सलाईन. तेव्हाच्या त्या बाईला मोठेपणा परवडत होता. ती मला अजून टोचून बोलते, मी तिला म्हणते, तू नऊ महिने कुबड्या घेऊन संडासला गेली नव्हतीस.

तो अकरा दिवसांचा उशीर आणि ती सही, दोन्ही माझ्यासमोर आले उलटतपासाला. कंपनीच्या वकिलांनी कागद पुढे केला. "ही सही तुमचीच ना?" हो. "वाचून केली?" वाचून दाखवली होती. "मग तक्रार नव्हती ना?" मी सांगायला लागले की पोरगं रडत होतं, त्याची भरती होती, मला दया आली. ते म्हणाले, "बाई, हो की नाही, एवढंच सांगा." टायपिंग करणारी मुलगी बोटं कीबोर्डवर ठेवून थांबलेली. न्यायाधीश साहेबही माझ्याकडे बघत होते.

मग विचारलं, यांनी वळताना इंडिकेटर दिला होता का. मी मागे बसलेली, मांडीवर भाजीची पिशवी, मला काय दिसणार? मी सांगितलं, दिला होता. यांनी घरी तसं सांगितलं होतं. शपथेवर सांगितलं. हे मी पहिल्यांदाच कुठे लिहितेय.

शेवटी साक्षीच्या कागदावर सह्या करताना एक वाक्य वाचलं. "हे म्हणणे खरे नाही की, वाहनचालकाची चूक नसल्याने मी सुरुवातीस तक्रार दिली नाही व नंतर विम्याची रक्कम मिळविण्यासाठी खोटी फिर्याद दिली." आरोप वकिलांचा, मी नाही म्हटलेलं, पण सगळं माझ्याच तोंडचं म्हणून लिहिलेलं. त्यातलं "विम्याची रक्कम मिळविण्यासाठी" शंभर टक्के खरं होतं. त्यासाठीच दिली होती. "खोटी" तेवढं खोटं होतं. पण त्या वाक्यातलं निवडून घ्यायची सोय नव्हती, सगळं खरं म्हणा नाहीतर सगळं नाही म्हणा. मी सही केली.

पैशांचंही विचारता, तर घ्या. मी महिना बारा हजार मिळतात म्हटलं, पावत्या नव्हत्या, कोर्टानं आठ हजार धरले. वर्षाचे ९६ हजार, पुढच्या वाढीचे ४० टक्के त्यावर, मग वयावरून ठरलेल्या आकड्यानं गुणतात, माझ्या ३९ वयाला १५. डॉक्टरांच्या दाखल्यावर पायाचं अपंगत्व ३४ टक्के होतं, पण पाय किती गेला यापेक्षा त्यामुळे कमाई किती गेली हे बघतात. कमाई २० टक्के गेली असं ठरलं. (मशिनला मोटर बसवलीय आणि मी डाव्या पायानं चालवते, हे मीच साक्षीत सांगून बसले होते.) त्या गुणाकाराचे २० टक्के झाले ४ लाख ३ हजार २००, दवाखान्याची बिलं आणि व्याज वेगळं. २०२१ ला निकाल. निम्मे कोर्टानं मुदत ठेवीत टाकले. आणि तुमच्यापैकी कुणावर वेळ आली तर बसून राहू नका, २०२२ पासून भरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आलीय.

पोरगं पोलिसात लागलं नाही. कुणी म्हणतं धावण्यात कमी पडलं, त्याची आई म्हणते केसमुळे. मी विचारायला गेले नाही. पैसे कंपनीचे गेले हे माझं उत्तर इथे लंगडं पडतं, मला माहीत आहे. गुन्हा त्याच्या नावावर होता, कंपनीच्या नव्हे.

यंदा गौरीच्या आधी त्याच्या आईचे दोन ब्लाउजपीस आले, शेजारणीच्या हातून. माप जुन्या वहीत होतंच. अस्तर लावून शिवले, हुक पुढून, तिला मागून चालत नाहीत. शेजारीण म्हणाली, शिलाई किती सांगू? मी बराच वेळ कात्री हातात धरून बसले. मग नेहमीचीच सांगितली.