४५ हजारांतली घोडी

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी पर्यटकांना घोड्यावरून फिरवून आणणारा एक पोरगा माझ्याकडे आला. "डॉक्टर, ६० हजार हायती. उधारी करायची न्हाय. घोडं बघाया चला." सातारा जिल्ह्यात जनावरांची डॉक्टरकी करताना खरेदीच्या आधी बोलावणारा माणूस मला क्वचितच भेटतो. एरवी फोन येतो तो घोडं लंगडायला लागल्यावर.

त्याला म्हटलं, १५ हजार बाजूला ठेव. रक्ततपासणी, धनुर्वाताची लस, नाल, चंदी म्हणजे दाणा, कडबा, सगळं त्यातनं भागव. घोडं ४५ मध्ये बसलं पाहिजे.

पहिलं दलालानं दाखवलं. काळंभोर, उमदं, तरणं, आणि भाव नेमका ४५. ऊन डोक्यावर, अंगभर माश्या, तरी पठ्ठ्या शेपूट हलवेना. मान खाली, खालचा ओठ लोंबलेला. "लई गरीब हाय, पोराटोरांनी बसावं," दलाल म्हणाला. मला ते गरीब नाही, गुंगीत वाटत होतं. पण पुरावा नसताना आरोप कशाला करायचा? "उद्या पहाटे, दावणीवरनं सोडायच्या आत येतो," एवढंच म्हटलं. तर उद्या घोड्याला वरातीची सुपारी निघाली. परवाही निघाली.

दुसरी घोडी कोरेगाव तालुक्यात एका आबांकडे होती. गुडघे गेलेले, पोरं पुण्याला, म्हणून विकायची. मागणी ६० ची.

"आठेक वर्साची असंल," आबा म्हणाले. मी ओठ वर केला. वरच्या जबड्यात कडेच्या दातावर एक तपकिरी खाच असते. साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्याला निम्म्यावर येते, विशीत दाताच्या टोकाला पोचते. हिची निम्म्याला जराशी कमी होती. "आबा, तेराच्या खाली न्हाय." आबा हसले, "मग तुमचंच खरं."

कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवली. पुढचा पाय दुखत असला तर तो टेकताना घोडं मान वर झटकतं. हिची मान स्थिर राहिली. खूर चिमट्यानं दाबून पाहिले, पाय ओढला नाही. पाठीवर खोगिराच्या जुन्या जखमेचे पांढरे केस होते, पण खाली दुखत नव्हतं.

पोराबरोबर मामा आले होते, सौदा करायला. त्यांनी सुरुवात केली, "म्हातारी हाय, डागाळल्याली हाय, भोवराबी वाईट..." आबांचा चेहरा उतरला. पोरगा मध्येच म्हणाला, "मामा, ऱ्हाऊ द्या. आबा, घोडीत खोट न्हाय. तुमचा भाव चुकीचा न्हाय, माझ्याकडंच ४५ हायती. परवडत नसंल तर राग न्हाय."

आबा बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग भावाबद्दल एक शब्द न काढता विचारलं, "पावसाळ्यात कुठं ठेवशील?"

"खाली वाईला, मावशीकडं गोठा हाय."

"आन् जाडंजूड गिऱ्हाईक आलं तर?"

याचं उत्तर मी दिलं. छातीचा घेर आणि लांबी टेपनं मोजून वजन काढलं होतं, अंदाजे ३२० किलो. माणूस आणि खोगीर मिळून पाचव्या हिश्श्याच्या आत हवं, म्हणजे ६४ किलो. पोरगा म्हणाला, "मग शाळकरी पोरंच बसवीन." यात कमाई घटते, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

आबांनी १ हजार विसार घेतला. बाकी रक्ताचा अहवाल आल्यावर. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो आणि घोडं त्यात सापडलं तर त्याला मारावंच लागतं, म्हणून इथं मी कुणाची भीड धरत नाही. सरकारी दवाखान्यामार्फत नमुना हिसारच्या अश्व संशोधन केंद्रात गेला. अहवाल निर्दोष आला.

नेण्याच्या दिवशी आबांनी तोबरा (दाण्याची पिशवी) आणि खरारा (अंग घासायचा ब्रश) तसेच दिले. वर चंदी कधी, पाणी कधी, डाव्या कानाला हात का लावायचा नाही, हे पोराला दोनदा सांगितलं. मामा मात्र घाट लागेपर्यंत कुरकुरत होते, "गप बसला असतास तर ४२ ला जमलं असतं."