सुईला भितोस होय रे?

"जगाची नावं लिहितोस, तू कधी झोपणार कॉटवर? सुईला भितोस होय रे?"

सांगलीत विश्रामबागला मंडळाचं रक्तदान शिबिर, मी टेबलावर नावं लिहायला. नुकतंच रक्त देऊन आलेले एक काका बिस्किटं खात विचारत होते.

मणक्यात सुया टोचून घेत मोठा झालेल्या पोराला हा प्रश्न! म्हटलं, "काका, मला चालत नाही. लहानपणी ब्लड कॅन्सर झालेला. बरा झालोय, पण रक्त घेत नाहीत."

काकांचा घास थांबला. वरपासून खालपर्यंत बघितलं. "दिसत नाही रे तसं!" आणि उरलेला पुडा माझ्यापुढं सरकवला. "खा. तुला ताकद पाहिजे."

बाटलीभर रक्त दिलेलं त्यांनी, ताकद मला! पण त्या चेहऱ्याला नाही म्हणवेना. खाल्ली.

ते 'दिसत नाही' मात्र डोक्यातून जाईना. दिसायला उरलंय काय? केस आले, अंग भरलं. उरलंय ते आतलं. डॉक्सोरुबिसिन नावाचं लाल औषध हृदयावर वर्षांनंतरही परिणाम करू शकतं, म्हणून अधूनमधून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मुंबईच्या टाटात बऱ्या झालेल्या मुलांसाठी 1991 पासून वेगळी ओपीडी आहे, ती यासाठीच. इथं मात्र लग्नाचा विषय निघाला की आईच म्हणते, "आधीच कशाला सांगायचं?"

आणि प्लेटलेट, रक्त गोठवणारे कण! उपचारात मला ते लागायचे. ती पिवळसर पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते. बाबा मिरजेत दाते शोधत फिरायचे.

सांगली-मिरजेत तुमच्यापैकी कोण कोण प्लेटलेट देतं?