हे ऐकच एकदा

रात्री साडेअकराला फोनवर एक लिंक येते. खाली दोनच शब्द, ‘हे ऐकच.’ पाठवणाऱ्याच्या अंगावर त्या क्षणी काटा आलेला असतो. घेणारा सकाळी दात घासता घासता ते वीस सेकंद ऐकतो, अंगठा दाखवतो आणि कामाला लागतो. पाठवणारा मनातून खट्टू. खरं तर यात कुणाचंच काही चुकलेलं नसतं. गाणं पोचलेलं असतं, त्याला चिकटलेली पावसाळी संध्याकाळ मात्र पाठवणाऱ्याकडेच राहिलेली असते. ती लिंकमधून अख्खी जाणार नाही हे मान्य करावं. पण गाणं कोणतं, कुठली प्रत, कसं आणि केव्हा द्यायचं याकडे जरा लक्ष दिलं, तर तिच्यातलं बरंच काही पलीकडे पोचतं.

आधी गाणी आठवणींना चिकटतात कशी ते बघू. साधारण दहाव्या वर्षापासून विशी-पंचविशीपर्यंत जे कानावर पडतं, ते घट्ट बसतं. त्या वयाच्या आठवणी एरवीही जास्त असतात, आणि गाणी त्यांच्या अंगाखांद्यावर बसून येतात. गाणं चांगलं असायला हवं अशी अट नाही. त्या काळात ते वाजत होतं एवढं पुरतं, म्हणून तर भल्याभल्या रसिकांच्या डोळ्यांत एखाद्या टुकार गाण्याने पाणी येतं आणि मग ते चारचौघांत लपवावं लागतं. २०१३ मध्ये कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुप्निक या संशोधकांनी विशीतल्या मुलांना निरनिराळ्या दशकांतली गाजलेली गाणी ऐकवली. मुलांना स्वतःच्या वयातली गाणी जवळची वाटली, त्यात नवल नाही. पण आई-वडिलांच्या तरुणपणातल्या गाण्यांपाशीही आलेख असाच वर चढला, आणि त्याआधीच्या एका पिढीपाशीही थोडा चढला. म्हणजे घरात जे वाजत राहतं ते मुलांना आपसूक वारसाहक्काने मिळतं, न मागता.

दुसरी गोष्ट जरा हिरमोड करणारी. कॉलेजातल्या मुलांना त्यांच्याच वाढत्या वयातली गाजलेली गाणी ऐकवली, तेव्हा सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास गाण्यांनीच स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी वर आणलं. बाकीची नुसती ओळखीची वाटली किंवा तीही वाटली नाहीत. आपल्याच गाण्यांची ही कथा, तर दुसऱ्याने पाठवलेल्या चाळीस गाण्यांच्या यादीकडून काय अपेक्षा ठेवायची? यादी पाठवू नये. एक गाणं पाठवावं.

आता प्रतीविषयी. इथेच बहुतेकांची गफलत होते. गाण्याची ओळख चालीत असते असं आपण धरून चालतो, पण ऐकलेल्या ध्वनिमुद्रणाची ओळख फार आधी, नादातच पटते. गाजलेल्या गाण्यांचे एक दशांश सेकंदाचे तुकडे ऐकवून, समोरच्या यादीतलं कोणतं गाणं ते ओळखायला सांगितलं, तरी लोक अंदाजपंचे ठोकण्यापेक्षा बरंच जास्त बरोबर ओळखतात. तेवढ्या वेळात चालीचा एक स्वरही धड पुरा होत नाही. कानाला लागतो तो त्या वाद्यमेळाचा, त्या गळ्याचा, त्या स्टुडिओतल्या घुमाऱ्याचा रंग. त्यामुळे तीच चाल, तेच शब्द, अगदी तोच गायकसुद्धा, पण वीस वर्षांनी पुन्हा गाऊन ठेवलेली आवृत्ती असेल तर आठवण जागची हलत नाही. गाणं नव्याने छान वाटेल, एवढंच.

पट्टी आणि वेगसुद्धा आपण नकळत पाठ केलेले असतात. डॅनियल लेव्हिटिन या संशोधकाच्या १९९४ च्या प्रयोगात सामान्य माणसांना आवडीची गाणी आठवून गायला सांगितलं होतं. दोनदा गायचं होतं. त्यांतल्या ४० टक्के लोकांनी निदान एकदा तरी मूळ ध्वनिमुद्रणाचीच पट्टी पकडली, समोर काही वाजत नसताना. कुणी नुसतं ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ म्हणालं तर उडवून लावू नये, ते असं. पेटीवर शेजारच्या पट्टीपर्यंत सूर चढायला वेग सुमारे ६ टक्के वाढावा लागतो. टेपरेकॉर्डर ३ टक्के जलद पळत असेल तर गाणं अर्धी पट्टी चढतं, आणि अशा यंत्रावर दहा वर्षं ऐकलेल्या माणसाला मूळ गाणं मरगळलेलं वाटतं. सिनेमातल्या गाण्यांची आणखी एक गंमत. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि ‘पाल’ (PAL) या जुन्या प्रसारण पद्धतीचा टीव्ही २५ चौकटींनी. सिनेमा त्या टीव्हीसाठी नुसता जलद पळवून उतरवला असेल, तर सगळंच सुमारे ४ टक्क्यांनी पुढे जातं आणि गाणं पाऊण पट्टीच्या आसपास चढतं. ज्याने ते गाणं फक्त टीव्हीवर ऐकलं त्याची आठवण त्या चढ्या पट्टीत बसलेली असते. शिवाय व्हिडिओच्या साइटवर स्वामित्वहक्काच्या तपासणीतून निसटावं म्हणून काही जण मुद्दाम वेग किंवा पट्टी सरकवून गाणी चढवतात. शोधताना पहिला लागला तो दुवा उचलून पाठवला की नेमका असला माल हाती येतो.

खरी प्रत ओळखायची सोपी खूण म्हणजे लांबी. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. त्यामुळे त्या काळातल्या सिनेगीतांचा एखादा अंतरा तबकडीवर गळलेला असतो, किंवा गाणं दोन बाजूंना तोडलेलं असतं. सिनेमात पाच मिनिटांचं आणि तबकडीवर सव्वातीन, अशी दोन्ही रूपं खरीच असतात. समोरच्याने कोणतं ऐकलं होतं ते विचारावं. रेडिओवर ऐकलं असेल तर बहुधा तबकडीवरचं, पडद्यावर पाहिलं असेल तर लांब. मग दोन्हींची पहिली दहा सेकंदं लागोपाठ ऐकावी. सुरुवातीच्या वाद्यांतच फरक कळतो. शीर्षकात ‘रीमास्टर्ड’ लिहिलेलं असलं की दचकू नये, मुद्रण तेच असतं. मात्र कधी खरखर काढताना वरचे नाजूक सूरही पुसले जातात, आणि झांज पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखी लागते. मग जुनी, खरखरीसकटची प्रत शोधलेली बरी.

काही गाणी मात्र कुठेच सापडत नाहीत, घरातल्या कॅसेटवरच असतात. रेडिओवरून उतरवलेली, मध्येच निवेदकाचा अर्धा शब्द, मागे कुकरची शिट्टी. ही प्रत सोन्याची. ती फोनपर्यंत आणायला घाई करू नये. कॅसेट लगेच वाजवायची नाही. आधी ती एकदा टोकापर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्यायची, म्हणजे वर्षानुवर्षं एकमेकांवर बसलेले फितीचे वेढे सुटतात आणि ताण सारखा होतो. फितीमागची फेल्टची इवलीशी गादी जागेवर आहे ना ते बघायचं. ती निखळली असेल तर फीत हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, नीट टेकत नाही आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. लोक मग ‘कॅसेट खराब झाली’ म्हणून टाकून देतात. दुसऱ्या एखाद्या नकोशा कॅसेटचं कवच स्क्रू काढून उघडायचं आणि फीत त्यात बसवायची, पाच मिनिटांचं काम. हेड आणि त्याच्या शेजारची धातूची फिरती काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसायची. त्यानंतरही आवाज मंद वाटला, तर हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. गाणं चालू ठेवून तो पाव-पाव फेरा फिरवायचा, झांज आणि ‘स’ सगळ्यांत स्वच्छ लागेल तिथे थांबायचं. मूळ मुद्रण ज्या यंत्रावर झालं त्याचं हेड ज्या तिरपेपणाने बसलेलं होतं, तो तिरपेपणा आपण जुळवत असतो. नव्वद मिनिटांची फीत साठवालीपेक्षा पातळ, एकशेवीसची तर फारच. तिला मागे-पुढे फार पळवू नये, ती ताणते आणि रिळात अडकते.

संगणकावर घेताना आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या जागीही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण एकदा आवाज फाटला की तो शिवता येत नाही. खरखर काढण्याचा मोह आवरावा. फार तर एक साफ केलेली प्रत वेगळी ठेवावी. कान देऊन ऐकलंत तर जुन्या फितीवर गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी तेच गाणं अगदी पुसट ऐकू येतं. वेढ्यावर वेढा बसून राहिल्याने एका थराचं चुंबकत्व शेजारच्या थरावर उमटतं, त्याचा हा परिणाम. कॅसेट पाठ असलेल्या माणसाला ही चाहूलही पाठ असते. तसंच एक गाणं संपलं की पुढच्याची सुरुवात मनात आपोआप वाजते. म्हणून निवडक गाणं कापून काढताना आधीची आणि नंतरची पाच-सहा सेकंदं राहू द्यावीत.

पाठवतानाचे घोळ साधे आहेत, पण नेहमीचे. स्पीकरवर गाणं लावून त्याची व्हॉइस नोट पाठवू नये. ती सोय बोलण्यासाठी केलेली असते, संगीत त्यात चेपलं जातं. फाइल असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर गाणं ऐकवायला गेलं की आवाज येतो-जातो, कारण मागची गडबड गाळणारी यंत्रणा माणसाच्या बोलण्याखेरीज सगळ्याला गडबडच समजते. काही अ‍ॅपमध्ये मूळ आवाज तसाच सोडण्याची सेटिंग असते, ती आधी चालू करावी.

आणि सोबत दोन ओळी लिहाव्यात, दोनच. ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडणारं’ असलं काही नको, त्याने घेणाऱ्यावर भिडवून घेण्याची जबाबदारी पडते. जागा, वेळ आणि एखादी वस्तू पुरते: ‘हॉस्टेलच्या गच्चीवर, परीक्षेच्या आदल्या रात्री, शेजारच्या खोलीतल्या ट्रान्झिस्टरवर.’ एवढ्याने ऐकणाऱ्याला उभं राहायला जागा मिळते. दुसऱ्या अंतऱ्यानंतरची सारंगी ऐकवायची असेल तर तेही सांगावं, पण लिंक तिथूनच सुरू होणारी देऊ नये. काटा येतो तो वाट बघण्यामुळे. मेंदूच्या चित्रणातही आवडती जागा येण्याच्या काही सेकंद आधीपासूनच डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवू लागल्याचं दिसलं आहे. नव्याने ऐकणाऱ्याला काय येणार तेच माहीत नसतं, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात त्याच्याकडून काट्याची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला विचारावं.

शेजारी बसून ऐकवणं सर्वांत चांगलं. १९७९ मध्ये सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला हेडफोनच्या दोन जागा होत्या आणि गाणं चालू असताना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एक बटणही होतं. पुढे या सोयी गेल्या, आणि एकाच इअरफोनची दोन टोकं वाटून घ्यायची पद्धत आली. त्यात एक अडचण असते. डाव्या-उजव्या बाजूंना वेगळी वाद्यं असलेल्या गाण्यात एकाला नुसता तबला मिळतो आणि दुसऱ्याला नुसती बासरी. फोनच्या सेटिंगमध्ये आवाज मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखा, करता येतो, मग दोघांना पूर्ण गाणं मिळतं. ऐकताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघू नये. आणि ‘आता येतंय बघ’ म्हणू नये, त्या वाक्याखाली ती जागा हमखास निघून जाते.

स्वतःची ठेवणीतली गाणी मात्र जपून वापरावी. आवडतं गाणं गजराला लावलं की महिनाभरात ते ऐकून फक्त उठायचा कंटाळा आठवतो. रोज ऐकलेल्या गाण्यावर रोजचे दिवस चढत जातात आणि खालचा जुना दिवस सापडेनासा होतो.

वडीलधाऱ्यांकडून गाणी काढून घ्यायची असतील तर ‘तुमचं आवडतं गाणं कोणतं’ असं विचारू नये, शोभेलसं उत्तर मिळतं. ‘पहिली नोकरी लागली तेव्हा काय वाजायचं?’, ‘लग्नाआधीच्या वर्षी?’ असं विचारावं. शब्द चुकीचे आठवले तर दुरुस्त करू नयेत, चाल गुणगुणायला सांगावं. गुणगुणण्यावरून गाणं शोधणाऱ्या सोयी आता आहेत, पण घरातली मावशी अजून त्यांच्यापेक्षा जलद. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या बाबतीत पंधरा ते पंचवीस या वयातली गाणी आधी लावून बघावीत. आवाज बेताचा ठेवावा, एका वेळी एकच गाणं लावावं, आणि कपाळावर आठी आली तर लगेच थांबवावं, कारण आठवण सुखाचीच असेल असं नाही. कधी कधी दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत माणूस बोलायला लागतो. तेव्हा गाण्याचा आवाज हळूच कमी करावा, बंद करू नये. आणि ऑटोप्ले आधीच काढून ठेवावा, नाहीतर ऐन बोलण्यात जाहिरात सुरू होते.