शिंगराला खायला घालायची घाई करू नका
होळीच्या आदल्या रात्री दीडच्या सुमारास आमची घोडी चांदणी व्याली. शिंगरू तासाभरात उभं राहिलं, पाय चार दिशांना फाकलेले, आणि मग भिंत, आईचा पुढचा पाय, माझा गुडघा, जिथे तोंड लागेल तिथे चोखत सुटलं, कास सोडून सगळीकडे. आबांनी बजावलेलं की मध्ये हात घालायचा नाही, म्हणून मी नुसता बसून. पावणेतीनला सड सापडला आणि चुटूचुटू आवाज यायला लागला तेव्हा कुठे मी चहा ठेवायला उठलो.

हा पहिला चीक कृपया कुणी पिळून टाकू नका. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईकडून प्रतिकारशक्ती मिळते, शिंगराला वारेतून जवळजवळ काहीच मिळत नाही, जे मिळायचं ते चिकातूनच, आणि त्याची आतडी ते पहिले १८ ते २४ तासच घेतात, त्यातही सुरुवातीच्या तासांत सगळ्यात जास्त. त्यामुळे दोन-तीन तासांत प्यायलं नाही तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना फोन. पुढच्या दिवसांत मी रोज सकाळी आधी शिंगराचं कपाळ बघतो. कपाळावर दूध वाळलेलं असेल आणि आईची कास टम्म असेल तर ते कासेखाली जातंय पण पीत नाहीये, दूध नुसतं डोक्यावर गळतंय. हे दिसलं की समजायचं काहीतरी बिनसलंय.

मधेच ते आईची लीद खातं, खाऊ द्या, पोटात चांगले जंतू तिथूनच जातात. आठव्या-दहाव्या दिवशी पातळ हगतं, पण पीत असेल, उड्या मारत असेल तर घाबरायचं नाही, मलूल पडलं तर मात्र डॉक्टर.

आता खरं सांगायचंय ते. दोन वर्षांपूर्वीचं आमचं शिंगरू सारंगखेड्याच्या यात्रेत, घोड्यांच्या बाजाराला न्यायचं ठरवलेलं, दत्तजयंतीपर्यंत उंच आणि भरलेलं दिसायला हवं म्हणून मी दुसऱ्या महिन्यापासूनच भरडा, गव्हाचा चापड, गूळ आणि वर दोन लिटर म्हशीचं दूध सुरू केलं. अंग असं चकाकायचं की येणारा-जाणारा थांबून बघायचा. चौथ्या महिन्यात एका सकाळी पुढच्या पायांना टापेच्या वरच्या सांध्यावर हात फिरवला तर गरम, आणि सुजलेला, उपडी वाटी ठेवल्यासारखा. डॉक्टरांनी त्याच दिवशी सगळा खुराक बंद करायला लावला. वजन हाडांच्या पुढे पळालं होतं, आणि चापडात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, तो हाडांना लागणारं कॅल्शियम लागू देत नाही. घोडीच्या दुधात फॅट दीड-दोन टक्के, म्हशीच्या दुधात सात. आई व्यवस्थित दूध देत असताना ते दूध पाजायची काहीच गरज नव्हती. त्या शिंगराच्या पायात थोडा ताठपणा राहिलाच, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मी आधी आईला घालतो. लसूणघास, चांगला कडबा, ओट, मिनरल मिक्स्चर, आणि पाणी, कारण उन्हाळ्यात दूध देणारी घोडी दिवसाला ५०-६० लिटर सहज पिते. दोन महिन्यांनंतर दूध हळूहळू कमी होतं, तेव्हा शिंगराला वेगळा खुराक, ओट आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा भरडा, सोबत लसूणघास. माप म्हणजे वयाच्या महिन्याला जास्तीत जास्त अर्धा किलो, दोन महिन्यांच्याला दिवसभरात एक किलोच्या वर नाही, तेही दोन-तीन वेळा करून. आणि गायी-म्हशींची गोळी पेंड अजिबात नाही, काही पेंडीत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याच्या जिवावर उठतं. सरकीसुद्धा शिंगरापासून लांबच ठेवा.

आईने खाऊ नये म्हणून गोठ्याच्या कोपऱ्यात आडवा बांबू बांधलाय, शिंगरू खालून जातं, आईला जाता येत नाही. पहिले चार दिवस ते नुसतं घमेलं हुंगून परत यायचं. काल पहिल्यांदा आत शिरून सगळं घमेलं चाटलं, आणि चांदणी बांबूवर मान टाकून, कान पुढे करून त्याच्याकडे बघत उभी होती.