गादीवाफ्याला चुना नको, राखही नको

बागकामाच्या परदेशी व्हिडिओंत वाफा भरताना मूठभर चुना किंवा राख टाकतात. तिथल्या बऱ्याच माती आम्लधर्मी असतात, म्हणून ते तिथे चालतं. पुण्याची माती बेसाल्टपासून बनलेली, तिचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप; ७ च्या वर अल्कधर्मी) बहुधा ७.५ ते ८.५. चुन्याने किंवा राखेने तो आणखी चढला की मातीत असलेलं लोहसुद्धा मुळांना मिळत नाही. टोमॅटोची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर कारण बहुतेक हेच.

आधी हातातली माती तपासा. सुक्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर चुनखडी आहे. सोसायटीच्या आवारातली माती असेल तर ही चाचणी चुकवू नका, कारण तिच्यात सिमेंटचा राडारोडा हमखास मिसळलेला असतो. मग बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, खळखळून हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात खाली बसते, चिकणमातीमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ राहतं. अशी काळी चिकण माती भुसभुशीत करायला थोडी वाळू घालू नका, ती विटेसारखी घट्ट होते. तिला सेंद्रिय पदार्थच लागतो.

८ फूट लांब, ४ फूट रुंद, १ फूट उंच वाफ्यात ३२ घनफूट, म्हणजे साधारण ९०० लिटर मिश्रण बसतं. घमेल्याच्या मापाने पाच भाग माती (शक्यतो लाल माती किंवा पोयटा, म्हणजे नदीकाठची गाळाची माती), तीन भाग कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, दोन भाग कोकोपीट. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजून ६५-७० लिटर होते. ती दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, नाहीतर क्षारांमुळे पानांच्या कडा करपतात. वर अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा.

खरी मेख शेणखतात आहे. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि ते कुजताना मुळं भाजतात. चांगलं खत काळसर, भुरभुरीत, ओल्या मातीच्या वासाचं. ढिगात हात घातला तर गरम लागत नाही. शंका असेल तर वाटीभर खतात मेथी पेरा. चार-पाच दिवसांत नीट उगवली तर खत वापरा; दाणे कुजले किंवा कोंबांची टोकं करपली तर आणखी महिनाभर ओलं ठेवून मुरू द्या.

रसवंतीवरचं उसाचं चिपाड फुकट मिळतं, पण ताजं घातलं तर कुजताना मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतं आणि रोपं फिकट पडतात. शेणाच्या काल्यात तीन-चार महिने कुजवून मग घाला.

हाडांचा चुरा इथे पैसे वाया घालवणं आहे: त्यातलं स्फुरद (फॉस्फरस) मोकळं व्हायला आम्लधर्मी माती लागते. जिप्समने अशा मातीचा सामू उतरत नाही, ते चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीचं औषध आहे. लोहासाठी मातीत द्यायचं तर ईडीडीएचए स्वरूपातलं चिलेट (लोह मुळांना मिळेल असं विरघळतं धरून ठेवणारं संयुग) घ्या. दुकानात सहज मिळणारं ईडीटीए अशा सामूच्या मातीत टिकत नाही, ते फवारणीपुरतं ठीक.

वाफा मेच्या मध्यापर्यंत भरून, पाणी देऊन, दोन इंच पालापाचोळ्याने झाका. पहिल्या पावसाळ्यात तो दोन-तीन इंच खचतो. ती भर मातीने नव्हे, कंपोस्टने घाला.