दाभोळला उतरलेला गुलाम आणि आमच्या पणजीतला वाडा

पणजीत मांडवीच्या काठावर जुनं सचिवालय आहे ना, त्याला आम्ही सगळे आदिलशहाचा वाडा म्हणतो. मी गेली कितीतरी वर्षं त्याच्यासमोरून चालत फेरीबोटीला जाते, बेतीला उतरते, संध्याकाळी परत येते. सन 2000 पर्यंत आमची विधानसभा त्यातच भरायची. त्याआधी 1759 पासून पोर्तुगीज व्हाइसरॉय त्यात राहायचे, आणि त्याच्याही आधी तो युसुफ आदिलशहाचा उन्हाळ्यात राहायचा वाडा होता असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. पण हा युसुफ कोण, कुठला, इथवर कसा आला, हे कुणी कधी सांगितलं नाही. शाळेत एका ओळीत संपला तो, 'विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक' आणि पुढचा प्रश्न.

गेल्या पावसाळ्यात मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचायला घेतलं आणि आता राहवत नाही म्हणून लिहितेय.

त्याच्या जन्माची जी गोष्ट फरिश्तानं लिहून ठेवलीय ती आधी सांगते. फरिश्ता म्हणजे विजापूरच्याच दरबारातला इतिहासकार, युसुफनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी लिहिणारा. तो म्हणतो युसुफ हा तुर्कस्तानचा सुलतान दुसरा मुराद याचा मुलगा. 1451 मध्ये मुराद गेला, मोठा मुलगा महंमद गादीवर आला आणि पुढे तंटा नको म्हणून भावाला मारायचा हुकूम सुटला. आईनं एक दिवसाची मुदत मागून घेतली, इराणातल्या सावा गावच्या एका व्यापाऱ्याला बोलावलं, त्याच्याकडून तसाच दिसणारा एक गुलाम मुलगा विकत घेतला आणि आपला मुलगा त्याच्या हवाली केला. दुसऱ्या दिवशी मारला गेला तो विकत घेतलेला मुलगा. मी हे वाचताना त्या दुसऱ्या मुलापाशीच अडकले, त्याचं नावसुद्धा कुणी लिहिलेलं नाही.

आता ही गोष्ट खरी का? बहुतेक इतिहासकार मानत नाहीत, आणि मलाही वाटतं की राजघराणं मोठं झालं की त्याला मोठं मूळ चिकटवलं जातं, आपल्याकडे काय कमी उदाहरणं आहेत. पण गुलाम म्हणून तो इकडे आला आणि बहामनी राज्याचा वजीर महमूद गावान याच्या पदरी वाढला, हे मात्र बरेच जण सांगतात. इराणातून जहाजानं येऊन तो उतरला दाभोळला. आपलं कोकणातलं दाभोळ! ज्या माणसाच्या वंशानं पुढे पावणेदोनशे-दोनशे वर्षं राज्य केलं त्यानं या देशातली पहिली माती पाहिली ती वाशिष्ठीच्या तोंडावरची, लाल, आपल्यासारखीच.

सावा गावात वाढला म्हणून त्याला 'सवाई' म्हणायचे असं सांगतात, आणि त्याचंच पोर्तुगीजांनी केलं 'सबायो'. त्याचा किताब आदिलखान, त्याचं केलं 'इदालकांव'. आपल्या मराठी कानाला सवाई म्हटलं की सव्वापट, इतरांपेक्षा काकणभर सरसच वाटतं, आणि माणूस होताही तसाच. गावान स्वतः मोठा माणूस, त्यानंच 1472 मध्ये गोवा विजयनगरकडून जिंकून बहामनी राज्याला जोडलं. पण दरबारातल्या दख्खनी आणि परदेशी सरदारांच्या भांडणात खोटं पत्र पुढे करून 1481 मध्ये त्याचा शिरच्छेद झाला आणि तिथून बहामनी राज्य कुजत गेलं. युसुफ विजापूरला सुभेदार होता, 1490 मध्ये अहमदनगरचा निजाम आणि वऱ्हाडचा इमाद यांच्याबरोबर तोही मोकळा झाला. गोवा त्याच्या वाट्याला आलं. आणि ते नुसतं एक बंदर नव्हतं, होर्मुझकडून येणारे अरबी घोडे इथेच उतरायचे, दख्खनमध्ये घोडा नसला तर फौज कसली, त्यामुळे जकातीचं उत्पन्न प्रचंड.

त्या काळात वार्थेमा नावाचा इटालियन प्रवासी गोव्यात येऊन गेला, त्यानं इथल्या 'सबायो'चं एक चित्र लिहून ठेवलंय जे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बरेच अभ्यासक तो युसुफच धरतात. म्हणतो की याच्याकडे चारशे मामलुक, म्हणजे गुलाम सैनिक, आहेत, आणि कुणी गोरा माणूस नोकरी मागायला आला की हा चामड्याच्या दोन बंड्या आणवतो, एक स्वतः घालतो, एक त्याला देतो आणि दोघं झुंजतात. ताकदवान निघाला तर फौजेत, नाहीतर दुसऱ्या कामाला. एवढा मोठा अधिकारी, पण माणूस पारखायला स्वतः अंगावर घेतो. गुलामाच्या बाजारातून वर आलेल्या माणसाला कागदावरच्या शिफारशीपेक्षा हाताचा जोर खरा वाटत असणार, असं मला वाटतं.

1502 मध्ये त्यानं बारा इमामांच्या नावानं खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, वाचवला, हिंदुस्थानात पहिल्यांदा; म्हणजे शिया पंथ उघड राज्याचा केला. शेजारचे सुलतान यावरून एक होऊन चालून आले, याला विजापूर सोडून वऱ्हाडात जावं लागलं, इमादनं समजावलं की आता आवरतं घे, आणि यानं घेतलं. वादळ शमल्यावर मात्र परत आपल्या मनासारखं केलं.

आणि लग्न! मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराशी लढाई झाली, तो हरला, आणि त्याच्या बहिणीशी युसुफनं लग्न केलं. तिचं नाव पडलं बुबूजी खानम. म्हणजे आदिलशाहीचा दुसरा सुलतान इस्माईल हा मराठा आईचा मुलगा. आणि युसुफचा नातू पहिला इब्राहिम, त्यानं महसुलाचे हिशेब फारसीतून काढून इथल्या भाषेत, मराठीत, लिहायला लावले. हे एवढं साधं कुणी का सांगत नाही मला कळत नाही, परका परका म्हणून आपण ज्याला बाजूला ठेवतो त्याच्या घरात आपलीच लेक होती.

तिची गोष्ट तर कुठल्याही नाटकाहून भारी. 1510 मध्ये युसुफ गेला, इस्माईल अजून पोरगा. कारभारी कमालखान सगळं गिळायला बसला, तेव्हा बुबूजीनं माणूस पाठवून त्यालाच संपवलं. कमालखानाच्या आईनं पोराचं प्रेत सज्जात बसतं करून ठेवलं, म्हणजे खालच्या फौजेला वाटावं हा जिवंत आहे, आणि नातू सफदरखानाला वाड्यावर सोडलं. इकडे तटावर बुबूजी आणि युसुफची दूधबहीण दिलशाद आगा, दोघी चिलखत घालून, धनुष्य घेऊन उभ्या. सफदरखानाला बाण लागला, तो भिंतीच्या आडोशाला बसला, आणि वरून छोट्या इस्माईलनं धोंडा लोटला. फरिश्ताच सांगतो हे. दोन आया समोरासमोर, दोघींचाही जीव आपापल्या पोरात.

त्याच 1510 सालात गोव्यात काय झालं ते इथल्या माणसाला पावसाळा माहीत असल्यामुळे जास्त समजेल. फेब्रुवारीत होन्नावरच्या तिमय्या नावाच्या सरदाराच्या सांगण्यावरून पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्क मांडवीत शिरला आणि शहर घेतलं. करानं गांजलेले गावकरीही फार आड आले नाहीत, आदिलखानाचे कर जड होते ही तक्रार खरीच होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मे महिन्यात विजापूरच्या फौजेनं शहर परत घेतलं, पोर्तुगीज जहाजांवर पळाले, पण तोवर पाऊस लागला. जूनमध्ये मांडवीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यावर लाटा कशा फुटतात ते आम्ही दरवर्षी बघतो, आजही ट्रॉलर बाहेर जात नाहीत. तर ही जहाजं नदीतच अडकली, वरून पणजीच्या किल्ल्याचा मारा, खायला काही नाही, उंदीर आणि चामडं खाल्लं म्हणतात. तेव्हा आदिलखानाकडून अन्नानं भरलेली होडी आली, निरोप असा की तुम्हाला लढून हरवायचंय, भुकेनं नाही. आल्बुकर्कनं उरलीसुरली वाईन आणि बिस्किटं डेकवर मांडून दाखवली आणि होडी परत पाठवली. ही आठवण पोर्तुगीजांच्याच बाजूनं राहिलीय.

25 नोव्हेंबरला आल्बुकर्क परत आला आणि शहर पुन्हा घेतलं. त्या वेळी शहरातल्या मुसलमानांची जी कत्तल झाली तिचा आकडा त्यानंच आपल्या राजाला पत्रात कळवला, सहा हजार, बायका धरून.

जुन्या गोव्यातला युसुफचा मोठा वाडा आधी पोर्तुगीज गव्हर्नरांनी 1554 पर्यंत वापरला आणि मग तिथे इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, कचेरी बसली. त्याच काळात आमची दैवतं रातोरात नदी ओलांडून फोंड्याकडच्या अंत्रुज महालात गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, पोर्तुगीज हद्दीच्या बाहेर, विजापूरच्या अमलातल्या मुलखात. फोंड्याची साफा मशीद 1560 ची, तिच्या तळीच्या काठावर मी लहानपणी खूप बसलेय.

जुन्या गोव्यातला तो वाडा 1820 मध्ये पाडला. उरलाय फक्त दरवाजा, सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात, काळ्या दगडाचा. चार-सहा पायऱ्या, दोन खांब, वर आडवा दगड, बाजूला तुटक्या जाळ्या. परवा मुद्दाम गेले. खांबावरची नक्षी आमच्या देवळातल्यासारखी, हात लावला तर दगड उन्हानं तापलेला. दरवाजातून पलीकडे बघितलं तर काहीच नाही, नुसतं गवत आणि माड. बाजूनं लोक चर्चकडे जात होते, एका मुलीनं पायरीवर बसून चपलेचा बंद नीट केला आणि गेली.

युसुफ विजापूरलाही नाही. गोल घुमट बघायला जातात सगळे, तो खूप नंतरच्या महंमद आदिलशहाचा. युसुफची कबर गोगी नावाच्या गावात आहे, कर्नाटकात यादगीरकडे, चंदा हुसेनी दर्ग्यापाशी. डिसेंबरमध्ये जायचं ठरवतेय, फोंड्याची मावशी पण येते म्हणाली.